आईच्या कानामागची पट्टी आणि पेठचा घाट

नाशिकहून पेठ जेमतेम दीड-दोन तासांवर, पण आमच्या आईला तिथे पोचायला नऊ वर्षं लागली. कारण एकच, सावळघाट. दुसऱ्या वळणालाच तिच्या पोटात ढवळायला लागतं. मागच्या खेपेला तर बाबांनी घाटातूनच गाडी माघारी वळवली होती. पेठजवळच्या पाड्यावर राहणारी यशोदामावशी तिची जिवाभावाची मैत्रीण. आई पूर्वी तिथेच राहून शाळेत शिकवायची, मावशी शाळेतल्या मुलांची खिचडी रांधायची. दर दिवाळीला मावशीचा फोन, दर दिवाळीला आईचे गुडघे दुखणार.

यंदा मी हट्टालाच पेटले. डॉक्टरांकडून कानामागे लावायची औषधी पट्टी लिहून आणली. केमिस्टला ती बाहेरून मागवावी लागली, म्हणून तुम्ही आठवडाभर आधी सांगून ठेवा. आदल्या रात्री कोरड्या कातडीवर लावायची, बस्स. मी स्वतःच्या हाताने लावली.

सकाळी बघते तर आईने डोक्याला बचकभर खोबरेल थापलेलं! तेल मानेपर्यंत ओघळलेलं.

"अगं आई, पट्टी!"

"रूक्ष केसांनी जाऊ का तिच्यासमोर? चल, उशीर होतोय."

सातला निघालो. रस्ता छान आहे, घाटात तेवढे ट्रक सांभाळा. मी एक डोळा रस्त्यावर, एक आईवर ठेवून गाडी हाकत होते. ती अखंड बोलत होती. शाळेची गळकी कौलं, मावशीची खिचडी, सगळं काढलं. सावळघाट सरला तरी उलटी नाही! मला तर पट्टीची आरती ओवाळावीशी वाटली.

करंजाळीला चहाला थांबलो. आई "हात धुऊन येते" म्हणून टपरीमागे गेली. मी तेवढ्यात टपरीवाल्या काकांना पट्टीचे गुण ऐकवले.

"लय भारी काम हाय, ताई," ते म्हणाले. "न्हायतर घाट चढून आलेलं एक ना एक जण मागं वकतंच."

आई तोंड पुसत परत आली आणि चहाला नको म्हणाली.

पाड्यावर मावशी अंगणातच उभी होती. "आली का गं बाई? गुडघं मोडलं नाय ना वाटंत?" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग त्याच दमात हसायला लागल्या. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा. मी तीन भाकऱ्या हाणल्या. आई जेवली कमी, बोलली जास्त. परतीच्या वाटेवर मात्र घर येईपर्यंत घोरत होती.

घरी आल्यावर तिने अंबाडा सोडला आणि त्यातून तेलाने माखलेली पट्टी टपकन खाली पडली.

"ही इथे कशी?"

"सकाळी दारातच निघाली होती. मी खोचून ठेवली."

"म्हणजे घाटात पट्टीच नव्हती? मग उलटी?"

"झाली की. करंजाळीला, टपरीमागे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू बापाची लेक. गाडी वळवली असतीस."

करंजाळीला राहिलेला तिचा चहा टाकायला मी उठले.

तेव्हा पट्टीने गुण येतो का, हे मला विचारू नका. डॉक्टरांना विचारा, आणि लावलीत तर तेलापासून लांब ठेवा. फक्त घाटात शेजारच्या माणसाचा चेहरा उतरला, तर गाडी वळवण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला जायचंय का?