माझी काळी पाच

काल मेडिकलच्या दुकानात मागून खरखरीत आवाज आला, "बाई, ओळखलंत का?" चेहऱ्यावरून ओळखलं, आवाजावरून ओळखलं नसतं. सुमन माझ्याकडे आठ वर्षं गाणं शिकली.

माझी गायची पट्टी उंच, पेटीची काळी पाच, म्हणून वर्गात सगळ्या मुलींसाठी पेटी काळी पाचवरच. सुमनचा गळा खालचा. वर जाताना तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि मी म्हणायचे, "जोर लाव, रियाज कमी पडतोय." शेवटी तिचा आवाज बसला तो कायमचाच. राग, ताना, सगळं मी शिकले होते. समोरचा गळा ऐकायला मात्र शिकले नाही, आणि तरी शिकवत राहिले.

"गातेस का गं?" मी विचारलं.

"नाही हो बाई. माझाच रियाज कमी पडला," म्हणत ती माझ्या पाया पडली.