पोट आत, दात बाहेर

आमच्या रनिंग ग्रुपात कॅमेरा दिसला की ओरडायचं काम ताईचं. मॅरेथॉन असो की रविवारची साधी धाव, रस्त्याच्या कडेला पोटावर झोपून टपलेला फोटोवाला तिला सगळ्यांच्या आधी दिसायचा. "पोट आत, दात बाहेर!" ती ओरडायची, आणि तोवर कण्हत, पाय ओढत चाललेल्या आम्ही बाया एकदम तरतरीत व्हायचो. मान ताठ, दोन्ही अंगठे वर, तोंडभर हसू. फोटोवाला मागे पडला की पुन्हा आई गं, बाई गं सुरू.

ताई माझ्या नात्यातली नव्हती. नंदनवन वस्तीत आमच्या मागच्या गल्लीत राहायची. चाळिशी उलटल्यावर मी गुडघे धरून रडगाणं गात होते, तेव्हा हिनंच मला बखोट धरून मैदानावर नेलं. "नाटकं नको करू, चाल," म्हणाली. तेव्हापासून आम्ही जोडीनंच धावायचो. ती पुढे, मी मागे कुरकुरत.

उन्हाळा सुरू होताना एका पहाटे रिंग रोडवर मागून आलेल्या गाडीनं तिला उडवलं. गाडी थांबली नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच ताई गेली. मी त्या दिवशी धावायला गेले नव्हते. सावनेरहून नणंद आली होती, घरात पाहुण्यांचा चहा चालला होता. लोकांना वाटतं, मला त्याचंच वाईट वाटत असेल. तसं नाही. न जाण्यात माझा काही दोष नव्हता, हे मला कळतं. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

तेरवी झाल्यानंतरच्या रविवारी ग्रुपनं तिच्यासाठी धाव ठेवली. सगळ्यांच्या दंडाला काळी फीत. बोलायचं नाही, गाणी नाहीत, घड्याळं लावायची नाहीत. तिच्या रोजच्या रस्त्यानं जायचं आणि तिला उडवलं तिथे फुलं ठेवायची. मी घरून निघाले तेव्हापासूनच रडत होते. निम्म्या रस्त्यापर्यंत नाक पुसत पुसत धावले, खोटं नाही सांगत. मग वळणावर कडुलिंबाखाली नेहमीचा फोटोवाला पोटावर झोपलेला दिसला.

आणि माझं पोट आत गेलं. मान वर झाली. दोन्ही अंगठे उभे राहिले आणि मी दात काढले.

काय मेली ती सवय! थोडं पुढे गेल्यावर डोक्यात उजेड पडला तशी मी तिथूनच माघारी पळाले. फोटोवाल्याला म्हटलं, दादा, माझा तेवढा काढून टाका. तो बिचारा स्क्रीन बघत म्हणाला, "काहून मॅडम? मस्त आला ना तुमचा!" मी हात जोडले. तो हो म्हणाला आणि लगेच पुढच्यांकडे वळला. काढला मात्र नाही. संध्याकाळी ग्रुपवर सगळे फोटो आले. खाली माना घातलेले, डोळे पुसणारे, आणि मधेच मी. लग्नाच्या वरातीत नाचावं तशी. हात वर असल्यामुळे काळी फीत तर मेडलसारखी झळकत होती.

कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले तरी असते. एकीनं फक्त हात जोडल्याची खूण टाकली. ती मला होती की ताईला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग समजलं, सगळे फोटो ताईच्या घरीसुद्धा गेलेत.

त्यानंतर मी धावणं सोडलं. बूट बाल्कनीत तसेच पडले, त्यात धूळ साचली. ताईच्या दारावरून जायला नको म्हणून दुधाला लांबच्या डेअरीवर जाऊ लागले. दोन-चार दिवसांनी नवरा म्हणाला, "काहून वं, धावायले नाही जाऊन राहिली? दूध आणाले मात्र पार चौकापर्यंत जातेस." मी त्याच्यावर अशी खेकसले की त्यानं पेपरात डोकं घातलं. राग त्याच्यावर नव्हताच. आरशात दात घासताना स्वतःचे दात दिसले तरी मला माझी किळस यायची.

एक दिवस ताईच्या सासूचाच फोन आला. म्हातारी पारशिवनीकडची, बोलायला फटकळ. ताईच्या धावण्यावर रोज बडबडायची, आणि रोज पहाटे फाटक मात्र स्वतः उघडून द्यायची. "ये वं घरी," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. झालं, आता धिंडवडे निघणार, असं मनाशी म्हणत मी गेले. पायांत इतका जड गोळा मला बेचाळीस किलोमीटरलासुद्धा आला नव्हता.

समोरच्या भिंतीवर हार घातलेला ताईचा फोटो होता. ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. डोळे ताणलेले, ओठ घट्ट मिटलेले. म्हातारीनं पाणी दिलं आणि सरळच काढलं, "तुहा फोटो पाह्यला मी."

मी मान खाली घातली. "मावशी, चुकलं माझं. कॅमेरा दिसला अन्‌ सवयीनं..."

"मंग काय झालं? ते बी तशीच करे." तिनं भिंतीकडे हात केला. "हे पाह्य. हे माही सून हाये का? पोलिसानं धरून आणल्यासारखी उभी हाये. तिचा फोन तर गाडीखाली चुरा झाला, त्याच्यातच सारे फोटो होते. तुहा पाह्यला अन्‌ मले ते आठवली. तुम्ही तर दोघी संगच राहा. तुह्या फोनमंदी असंन ना तिचा तसा, हसता? दे मले. तो लावतो."

मला रडू आलं. ते सुटकेचं होतं, हे आता सांगताना अंगावर काटा येतो. वाटलं, माझी चूक हिच्या कामी आली, वाचले मी. मी लगेच फोन काढला. म्हातारी चष्मा लावून माझ्याजवळ सरकली.

पहिला फोटो मी एकटी. दुसरा मी एकटी. मेडल दातात धरलेली मी. पुढच्यात ताईचं नुसतं कोपर. त्यानंतरच्यात तिची अर्धी वेणी. मी भराभर बोट सरकवत गेले. फोटो सगळे जोडीनंच काढलेले होते. पण प्रत्येक वेळी घरी येऊन मी तिला कडेनं कापून टाकलं होतं, स्टेटसला मी मोठी दिसावी म्हणून. मूळ फोटो तर फोन भरला म्हणून केव्हाच पुसले होते. ग्रुपात मागितले असते तर कुणाकडेही मिळाले असते, पण म्हातारीनं मागितले होते मला.

एका फोटोवर तिनं माझा हात धरला. त्यात मी छान हसत होते, आणि माझ्या खांद्यावर एक हात होता. हिरव्या बांगड्या, मनगटाजवळ तव्याचा जुना चटका, अंगठा वर.

"हा तिचाच हात हाये," म्हातारी म्हणाली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून फोटो बाजूला ओढून पाहिला, पुढे काही आहे का म्हणून. पुढे काही नव्हतं. "बाकीची कुठी गेली वं?"

"कापली मी, मावशी," मी म्हटलं. "मी चांगली दिसावी म्हणून."

तिनं फोन माझ्या हातातून आपल्याकडे घेतला. परत दिला नाही. तेवढ्याच हातावरून तिचं बोट फिरत राहिलं, आणि शेजारी माझं हसू तिच्या मांडीवर तसंच उजळलेलं होतं.