टेकडीवरून हलवलेला बंब

अग्निशमन खात्यात सगळे त्यांना 'साहेबबाई' म्हणत. नव्या अधिकाऱ्यांना त्या कारभार शिकवायच्या. "साधनं अपुरी असली की जास्त माणसांचं भलं बघायचं," असं त्या ठासून सांगत. म्हणूनच टेकडीवरच्या वस्तीतला एकमेव बंब त्यांनी समितीकडून मंजुरी घेऊन खाली गजबजलेल्या बाजारात हलवला.

पुढच्याच महिन्यात टेकडीवर एक घर पेटलं. बंब चढण चढून पोहोचेपर्यंत त्या घरातल्या, कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या माणसाची आई आगीत गेली.

"निर्णय समितीचा होता, तुम्ही त्याच्या घरी कशाला जाता?" वरिष्ठांनी समजावलं. तरी बाई गेल्या. लेथवाल्याने दारातच विचारलं, "बंब कुणी हलवला?"

"मी. बाजारात माणसं जास्त आहेत म्हणून."

"हिशेब चुकला नसेल तुमचा. पण मला आई एकच होती हो, बाई."

त्याने 'आत या' म्हटलं नाही, दारही लावलं नाही.

त्यांनी टेकडीसाठी दुसरा बंब मागितला. वरून नकार आला. त्या अजूनही मागतात. वर्गात जास्त माणसांच्या भल्याचं ते वाक्य सांगताना मात्र आता त्यांचा आवाज अडखळतो, आणि तो निर्णय चुकला असंही त्यांना म्हणवत नाही.