भिंतीपलीकडचं ओलं सिमेंट

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भूत-बित, अंगात येणं, सगळं थोतांड — पोरांना हेच सांगत आलो, आजही सांगतो. तरी हे लिहून राह्यलो, कारण घरात कुणापाशी बोलायची सोय मीच ठेवली न्हाई.

आमचं घर जाफराबादला. वडील गवंडी, घर त्यांच्याच हातचं. माझ्या बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप अंगणाच्या मधल्या रेषेनं थोडा जातो, मग धाकट्या भावाच्या — मिलिंदच्या — बाजूला वळून गटारीला मिळतो. पाइपाच्या जोडाला बाबा सुतळी गुंडाळायचे अन् सिमेंट थापीनं नव्हे, अंगठ्यानं दाबायचे. अंगठा दगडाखाली चेंगरून वाकडा झाल्ता, त्यामुळं ठसा तिरपा उमटायचा.

वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत हवी हा हट्ट माझा. बाबा म्हणाले, "पाइपावर पाया टाकू नको रे. हातभर अलीकडं सरक."

हातभर अलीकडं म्हणजे माझी जागा मिलिंदला. डोकंच फिरलं. म्हणलं, "तुम्हाला तोच दिसतो ना? मंग राहा त्याच्याकडंच."

बाबा उठले. कपड्यांची पिशवी उचलली अन् पलीकडं गेले. भिंत मी दुसऱ्या गवंड्याकडून घालून घेतली. बाबा पलीकडंच वारले. त्या दिवशी सकाळी मिलिंदनं बोलावणं धाडलं होतं. मी म्हणलं, शाळा सुटल्यावर येतो...

या उन्हाळ्यात माझ्या बाथरूममध्ये घाण पाणी उलटायला लागलं. प्लंबर रफिकभाईंनी खणून पाहिलं. "सर, पाइप तुमच्या पायाखाली दबून फुटलाय. दीवार फोडावी लागंल. भावाला विचारून घ्या."

तीन वर्षं बोलणं बंद. तरी गेलो.

"फोड," मिलिंद म्हणाला. "मी कधी न्हाई म्हणलो?"

भर दुपारी भिंत फोडली. पायाखाली पाइपाचे नुसते तुकडे. रफिकभाईंनी पुढचा जोड चाचपायला पायाच्या चरातून मिलिंदच्या फरशीखाली पहारीनं आडवं खणलं, हात घातला अन् तसेच थांबले.

"सर... माल ओला हाय."

वर बाबांनीच बसवलेली जुनी फरशी, जागची हललेली न्हाई. माती इतकी घट्ट की पहार उसळत होती. अन् आत जोडावर ओलं सिमेंट, बोटाला लागणारं. भोवती अंगठ्याचे ठसे, एकाला एक लागून. सगळे तिरपे.

मिलिंदनं वाकून आत पाहिलं. "दादा, मी इथं कुदळ लावली न्हाई." खोटं बोलायला त्याला कारणही नव्हतं.

"पाणी मुरलं असंल," रफिकभाई म्हणाले. पण घट्ट झालेलं सिमेंट पाण्यानं पुन्हा मऊ होत न्हाई. हे दरवर्षी मीच शिकवतो. संध्याकाळपर्यंत ते दगडासारखं झालं.

माझ्या बाजूच्या तुकड्यांवरही ठसे होते. जुने, कोरडे. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

नवा पाइप टाकला. भिंत पुन्हा घातली, या वेळी हातभर अलीकडं. मिलिंद बघत होता. म्हणाला, "आता कशाला सरकतो?"

त्या ओल्या सिमेंटचा खुलासा मला अजून सापडला न्हाई. कुणाला सुचला तर जरूर कळवा. पण तो हात माझ्या बाजूला का आला न्हाई, हे मात्र विचारत न्हाई. पलीकडं मीच धाडलं होतं त्यांना.