मी काढलेली मोरी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. नोकरीत असताना एका खटल्यात मी शपथेवर खोटं बोललो.

पोलीस अधिकारी आठवणी सांगायला बसला की लोकांना दरोडेखोर हवा असतो, पाठलाग हवा असतो. तसले दोन-तीन प्रसंग माझ्याकडेही आहेत. पण मुदतीआधी निवृत्ती घेऊन मैलापूरच्या घरात येऊन बसलो तेव्हापासून त्यातला एकही मनात येत नाही. येते ती एक उलटलेली बैलगाडी. तिच्यात ना चोर ना दरोडा. म्हणूनच बहुधा मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही.

साल सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या आसपासचं. मी सबइन्स्पेक्टर होतो. आमच्या ठाण्याची हद्द मद्रास शहराच्या दक्षिण टोकाला, वेलचेरीच्या पलीकडच्या खेड्यांपर्यंत जायची. त्यातल्या एका गावातून रोज सकाळी वांगी, भेंडी, केळीची पानं गाड्यांत घालून मैलापूरच्या बाजारात येत. गावाबाहेर तळ्याचा पाट रस्त्याला आडवा जातो. आमच्याकडचा जोराचा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा. तशा पावसात एका सकाळी गाडी पाटात उलटली. गाडीवान निघाला, दोनातला एक बैल निघाला. भाजीच्या पोत्यांवर बसलेली म्हातारी वाहून गेली. ती भाजी विकायची. नात्याने ती गाडीवानाची लांबची आत्या.

वर्दी आली तेव्हा मी महिनाअखेरीचा तक्ता भरत होतो. ज्याने ठाण्यात काम केलंय त्याला या तक्त्याचं महत्त्व सांगायला नको. किती गुन्हे दाखल, किती निकालात, किती प्रलंबित. प्रलंबितचा रकाना फुगला की वरून पत्र येई, आणि पत्र आलं की माणसाची झोप जाई. मी हेड कॉन्स्टेबलला घेतलं, सायकली काढल्या, आणि दुपारी तिथे पोचलो. रस्ता, पाट, शेतं, सगळं एकच पाणी. मी कडेच्या उंचवट्यावर उभा राहिलो. पुढे जाता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जायचंही नव्हतं.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. त्याला हाताने काढलेला एक नकाशा जोडावा लागतो. या नकाशाबाबत आमच्यात एक पद्धत होती. कोणी शिकवली नव्हती, पण सगळे पाळत. झाड, विहीर, घर हे डोळ्यांनी पाहून काढायचं. सरकारी बांधकाम असलं तर मात्र दप्तरातून उतरवायचं. रस्त्याची रुंदी, मैलाचा दगड, पूल यांचे आकडे पंचायतीच्या नोंदीतून घेतले की कोर्टात वकील टेप घेऊन उभा राहत नाही. सरकारने लिहिलेलं सरकार खोटं कसं म्हणेल?

पंचायतीचा कारकून माझ्याआधी तिथे हजर होता. भर पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मेणकापडात गुंडाळलेलं रजिस्टर, आणि त्यात नेमक्या पानावर खूण घातलेली. इतकी तयारी पाहून मला शंका यायला हवी होती. मला बरं वाटलं. पानावर लिहिलं होतं: पाटावरील मोरी, दगडी, दोन्ही बाजूंस कठडे, काम पूर्ण. मोरी म्हणजे खालून पाणी जाईल असा छोटा पूल. मी नकाशावर पाटावरून दोन समांतर रेघा ओढल्या, बाजूला ‘मोरी, पाण्याखाली’ असं लिहिलं, आणि डावीकडे एक फुली मारली. गाडीवान मोरी सोडून बाजूने पाण्यात उतरला, ही त्या फुलीची कहाणी. कारकुनाने आणि चौकीदाराने पंच म्हणून सह्या केल्या. पंधरा मिनिटांत काम आटपलं.

संध्याकाळी ठाण्यात गाडीवानाला समोर घेतलं. पन्नाशीचा, किडकिडीत, अंगावरचं धोतर अजून ओलं. मी विचारलं, मोरी सोडून गाडी बाजूने का घातलीस? तो म्हणाला, कुठली मोरी? मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. त्या दिवसांत आमच्याकडे दारूबंदी होती, तेव्हा हेड कॉन्स्टेबलने आपला ठरलेला विनोद केला, की पहाटेची चढवलेल्याला पूल दिसत नाही, पोलीस मात्र दोन-दोन दिसतात. गाडीवानाच्या तोंडाला तंबाखूखेरीज कसलाही वास नव्हता. चौथ्यांदा विचारल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला.

“ऐया, मला ती मोरी दाखवा. तिच्यावर उभा राहून मी तुमच्या कागदावर अंगठा लावतो.”

तोंडाने ‘ऐया’, म्हणजे साहेब, म्हणत असला तरी मला तो उर्मटपणा वाटला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसांची एक गोष्ट शिकलो होतो, की खोटं बोलणारा गोड बोलतो आणि खरं बोलणारा लवकर वैतागतो. ती नेमकी त्या दिवशी मला आठवली नाही, कारण मी स्वतःच वैतागलेला होतो.

त्याची गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली होती. साटीच्या पुढच्या फळीवर पंचायतीच्या गाडीपट्टीचे पत्र्याचे बिल्ले ठोकलेले होते, दर सालचा एक. एकही साल चुकलेलं नव्हतं. पट्टी न भरता गाडी हाकणारे आमच्या हद्दीत ढिगाने होते, त्यामुळे मला याचं नवल वाटलं. तसं मी बोललो. तो म्हणाला, वसुलीवाला दर वेळी सांगायचा की ही पट्टी रस्त्यासाठी आहे, मोरीसाठी आहे. मी भरत गेलो. आता तुम्हीच सांगा, मी काय विकत घेतलं?

हयगयीने मृत्यूस कारण, असं कलम लावलं आणि महिना संपायच्या आत दोषारोपपत्र पाठवून दिलं. प्रलंबितच्या रकान्यातून एक आकडा कमी झाला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ठाण्यात एक पोस्टकार्ड आलं. तमिळमधलं, वाकड्यातिकड्या अक्षरातलं, खाली सही नाही. त्यात एवढंच होतं: ‘पाणी उतरलं आहे. तुमची मोरी बघून जा.’

मी साध्या कपड्यांत, एकटाच गेलो. पाट कोरडा पडत आला होता. रस्ता त्याच्या काठाशी येऊन थांबत होता आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा सुरू होत होता. मध्ये चिखल, आणि चिखलात गाड्यांच्या चाकोऱ्या. अलीकडे दगडांचा एक छोटा ढीग होता, त्याच्यावर गवत माजलेलं, गवतात दोन शेळ्या. मी नकाशाची माझी प्रत खिशातून काढली आणि तिथे उभा राहून ती पाहिली. रेघा अगदी सरळ आल्या होत्या. नकाशे मी चांगले काढायचो.

मग मी सगळ्यांना एकेक करून बोलावलं. गुन्हेगारांच्या तपासात मी कधी इतका दमलो नाही जितका या सज्जनांच्या तपासात दमलो. पंचायतीचे अध्यक्ष म्हणाले, गावातली अर्धी घरं घरपट्टी भरत नाहीत, वर मोरी मागतात. मी गावात विचारलं. लोक म्हणाले, मोरी बांधत नाहीत, मग पट्टी कशाला भरायची? कंत्राटदार म्हणाला, दगड मी आणून टाकला, त्याची पोच माझ्याकडे आहे, पुढे तो उचलला कोणी हे मला काय ठाऊक. दगड उचलला होता अध्यक्षांनीच. शाळेच्या जोत्यासाठी मंजूर झालेला पैसा दोन वर्षं आला नाही, तेव्हा मोरीचा दगड शाळेला लावला. ते मला शाळा दाखवायला घेऊन गेले. जोतं उत्तम होतं. “पोरंच शिकतायत ना त्यावर? मी काय माझ्या घराला लावला?” असं त्यांनी विचारलं. सरकारी बांधकाम तपासणाऱ्या ओव्हरसियरच्या मोजमापाच्या पुस्तकात मोरी मोजल्याची नोंद होती. त्याच्याकडे अशी कितीतरी गावं, आणि एक सायकल. त्याने अध्यक्षांच्या ओट्यावर बसून मोजमाप लिहिलं, कारण आधीच्या ओव्हरसियरनेही तसंच केलं होतं. एकाच्याही खिशात मोरीचा पैसा मिळाला नसता. प्रत्येकाच्या हातात एक कागद होता, आणि त्या कागदापुरता प्रत्येक जण बरोबर होता.

शेवटी कारकून आला. त्याला मी जरा जोरात घेतलं. खोटी नोंद केल्याबद्दल आत टाकीन म्हणालो. तो घाबरला नाही. छत्री मांडीवर आडवी ठेवून शांतपणे म्हणाला:

“नोंद मला सांगितली तशी मी केली, साहेब. माझ्या रजिस्टरमुळे आजवर कोणी तुरुंगात गेलेलं नाही. नकाशा तुम्ही काढलात.”

तपासात एक क्षण येतो जेव्हा सगळं उलगडतं. या प्रकरणातला तो क्षण हा. त्याआधी मी चौघांची चूक शोधत होतो आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

मी इन्स्पेक्टरसाहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, “तुम्ही म्हातारीच्या मृत्यूचा तपास करताय की सरकारच्या खर्चाचा? खर्च बघायला हिशेबतपासणीची माणसं आहेत. आणि हा एक नकाशा खोटा म्हणून लिहून दिलात, तर उद्या वकील तुमचे सगळे नकाशे मागवतील. किती महजर असे दप्तरातून उतरवलेत?”

मी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. बढतीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते मला पाठ होतं. मी सलाम केला आणि बाहेर आलो.

खटला उभा राहिला तेव्हा गाडीवानाला वकील नव्हता. मी शपथ घेतली, महजर वाचला, नकाशा दाखल केला. मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? असे आरोपी बहुतेक वेळा हात जोडतात आणि नाही म्हणतात. त्याने हात जोडले आणि माझ्याकडे वळला.

“ऐया, ती मोरी तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलीत?”

मला पळवाट होती. पाणी होतं, नोंदीवरून लिहिलं, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यानेही खटला डळमळला असता.

मी म्हणालो, “पाहिली.”

त्याने मान हलवली. त्याला नऊ महिने सक्तमजुरी झाली. तो आत असताना घरच्यांनी गाडी आणि उरलेला बैल विकला. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

इथेच संपतं तर निदान समजण्यासारखं होतं. काही वर्षांनी त्याच भागात मी वरच्या जागेवर आलो तेव्हा एक अर्ज अभिप्रायासाठी माझ्या टेबलावर आला. गावकऱ्यांनी पाटावर मोरी बांधून मागितली होती. वरच्या कचेरीचा शेरा होता की मोरी अस्तित्वात आहे आणि तसा न्यायालयाचा निकाल आहे, सबब नव्याने बांधण्यास मंजुरी देता येत नाही. पुरावा म्हणून सोबत नकाशाची नक्कल जोडली होती. सही माझी. म्हणजे माझ्या साक्षीने नसलेली मोरी कायद्याने पक्की झाली होती, आणि ती पक्की झाल्यामुळे खरी मोरी कधीच होणार नव्हती. उलट तिच्या दुरुस्तीसाठी दर साल तरतूद होत होती, आणि तीसुद्धा खर्ची पडत होती. लोक पाटावर ताडाची खोडं टाकून जात-येत होते. मी अर्जावर लिहिलं: ‘पाहिले. परत.’

गेल्या वर्षी मैलापूरच्या बाजारात तो भेटला. आता दुसऱ्याची हातगाडी ओढतो. मीच तोंड चुकवणार होतो, पण त्याने आधी ओळखलं आणि गाडी कडेला लावली. तब्येत विचारली. निवृत्त झालो म्हणताच, आता आराम करा म्हणाला. मग म्हणाला, “आमची मोरी यंदा पुन्हा दुरुस्त झाली, ऐया. रंगसुद्धा दिला म्हणे.” त्याच्या आवाजात राग नव्हता. जाताना एक केळफूल माझ्या पिशवीत टाकलं आणि पैसे घेतले नाहीत. मी ते घरी आणलं. बायकोने भाजी केली. मी जेवलो नाही, आणि का ते तिला सांगितलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मला चीड येते, कारण पहिली कित्येक वर्षं मी फक्त वाटण्या करत होतो. अध्यक्षांचा इतका वाटा, ओव्हरसियरचा इतका, पट्टी बुडवणाऱ्यांचा इतका, पैसा वेळेवर न पाठवणाऱ्या कचेरीचा इतका. माझ्या वाट्याला दर वेळी थोडंच उरायचं. वाटण्या चुकीच्या नव्हत्या. मोरी न बांधण्याला मी जबाबदार नाही, आजही नाही म्हणेन. पण कोर्टातला तो एक शब्द मला कोणी लिहून दिला नव्हता. इन्स्पेक्टरसाहेबांनी गप्प राहायला सुचवलं होतं, खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. तो शब्द वाटून घ्यायला कोणी नाही.

हे लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. या मजकुरात गावाचं नाव नाही, त्याचं नाव नाही, माझंही नाही. याचा त्याला काडीचा उपयोग नाही. कोर्टाच्या दप्तरात तो अजून आपल्या आत्याला हयगयीने मारणारा माणूस आहे.

मी त्याला एक शपथपत्र देणं लागतो: मोरी नव्हती, मी ती पाहिली नव्हती, तो निर्दोष आहे. त्यावर माझं नाव, माझा हुद्दा आणि माझी सही हवी. ते मी अजून दिलेलं नाही.