निळ्या रंगावर काकांचा संशय

मंडळी, आज कुरुंद्यात माझ्या पीएचडीवर भेसळीचा आळ आला!

हळदीचा व्यापार करणाऱ्या काकांना प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला. बिनरंगी सेंद्रिय द्रवात लिथियमचा तुकडा टाकताच द्रव गर्द निळा झाला.

"रंग कुणी मिसळला?" काका गुरगुरले.

"कुणीच न्हाई. धातूतून सुटलेले इलेक्ट्रॉन द्रवात राहून तांबडा प्रकाश गिळतात, म्हणून निळं दिसतं."

"हळदीत रंग घालणारे बी असंच म्हणतात, आतलाच हाय म्हणून."

तेवढ्यात व्हिडिओत मी बूच काढलं. हवा लागताच निळा रंग उडाला.

"बघ! झाकून ठेवलं तवरच खरं व्हय?"

नंतर मी केलेला कोरा चहा काकांनी ग्लास उजेडात धरून तपासला.

द्रवातून उजेड सोडायचा आणि संशयानं बघायचं. लॅबात मी तरी दुसरं काय करते, सांगा बरं?