मागच्या अंगणातला बार्बेक्यू

घरी चार माणसं जेवायला बोलवा, भांडी धुऊन होतात, किस्से मात्र उरतात. लीड्समध्ये आमच्याकडचे सगळे किस्से एकाच मांसाच्या तुकड्यावरून!

सुधाकर, माझा नवरा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. तिथल्या कॅलिफोर्नियाच्या एका सहकाऱ्यानं त्याला ट्राय-टिप शिकवला. बीफच्या रम्पचं, म्हणजे पुठ्ठ्याचं, तिकोनी टोक. मीठ, मिरी, लसूण चोळून आधी झाकणाखाली हळू, मग थेट निखाऱ्यावर. खाटीक म्हणाला, "ते? ते मी खिम्यात घालतो, लव्ह!"

*

पहिल्या समरला आम्ही मराठी मंडळी बोलावली. इंजिनिअर अविनाशनं तीन वेळा वाढून घेतलं. "वहिनी, लॅम्ब काय मऊ झालंय!"

"बीफ आहे," मी म्हटलं.

तो हसला. "चालतं हो! ऑफिसमध्ये बर्गर खातोच की."

त्याची बायको मेधा प्लेट खाली ठेवत म्हणाली, "बाहेर खाणं वेगळं. घरात शिजवणारे वेगळे."

*

नंतर सगळ्यांना आमच्या आडनावाबद्दल फार उत्सुकता! एकानं सुधाकरला सरळच विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे गावीही खायचे?"

"हो. गावात मेलेलं जनावर वाट्याला यायचं," सुधाकर म्हणाला. "इथे निवडून आणतो."

त्या दिवशी कुणी डेझर्टला थांबलं नाही.

*

दिवाळीच्या पॉटलकला प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा होता; मी बटाट्याची भाजी नेली. हॉलमध्ये एक लांब टेबल होतं, आणि कोपऱ्यात एक छोटं. आमचा डबा छोट्यावर. एकटाच.

माझी मुलगी सुजाता दहा वर्षांची, जन्म इथलाच. मोठ्यानं म्हणाली, "आई, आपला डबा का तिकडे ठेवला? इट्स ओन्ली पोटॅटोज!"

भाजी तशीच परत आली. आम्ही घरी येऊन ती खाल्ली.

*

मग बीफमधून माणसांना होणाऱ्या मॅड काऊ रोगाची बातमी आली. मेधाचा फोन! कितीतरी महिन्यांनी. "बघा हं, शेवटी देवानंच शिक्षा केली."

सुधाकरनं रिसीव्हर घेतला. "गुरांना गुरांचं मांस खाऊ घातलं ते माणसांनी, मेधाताई. देवाला कशाला अडकवता?"

*

सगळं निवळल्यावर माझे सासरे, दादा, औरंगाबादहून आले. सुधाकरनं त्यांच्यासाठी ट्राय-टिप लावला. दादा शेकोटीशी बसावं तसे बार्बेक्यूजवळ खुर्ची टाकून बसले होते.

मागचं फाटक वाजलं. अविनाश! आत येईना.

"वास रस्त्यापर्यंत आला," तो हळूच म्हणाला. "थोडं बांधून द्याल? मेधा गाडीत आहे, तिला कळायला नको."

सुधाकर तुकडे फॉइलमध्ये गुंडाळू लागला. दादा मात्र उठले, खुर्ची पुढे सरकवली.

"साहेब, लहानपणी आम्ही असेच उभे राहायचो, लोकांच्या मागच्या दाराशी. तुम्ही नका राहू. आत या, बसून खा."

अविनाशनं पुडकं कोटाच्या आत घातलं.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "जरा जास्तीचं शिजवाल?"